ˈग्रीनहाउस की ग्रीन ˈहाउस? इंग्रजी जोडशब्द तोडायचे कुठे आणि जोर द्यायचा कशावर

एकदा फोनवर माझी मुलाखत चालली होती. इंग्रजी कुणाकडे शिकलात, असं पलीकडच्या बाईंनी विचारलं. मी म्हणाले, शाळेत आम्हाला एक फार चांगल्या इंग्लिश टीचर होत्या. लगेच कौतुकानं प्रश्न आला, "हो का? इंग्लंडमध्ये कुठल्या त्या?" मी गारच पडले. आमच्या बाई इंग्लंडच्या नव्हत्या, त्या इंग्रजी शिकवायच्या. माझं वाक्य व्याकरणात चोख होतं, एकेक शब्द स्पष्ट होता. जोर तेवढा भलत्या ठिकाणी पडला होता. मी तो 'टीचर'वर दिला. 'इंग्रजी शिकवणारी' म्हणायचं असेल तर तो 'इंग्लिश'वर द्यावा लागतो.

नंतर मी हा विषय मुळापासून धरला. बरेच हेलपाटे पडले, कारण जो तो एकच नियम सांगतो आणि अपवादांपाशी हात वर करतो. तुमचे हेलपाटे वाचावेत म्हणून मला उपयोगी पडला तो क्रम इथे देते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. मराठीत समास झाला की बऱ्याचदा पहिला शब्द अंग चोरतो. 'पाणी'चं 'पाणबुडी'त नुसतं 'पाण' उरतं, 'घोडा' 'घोडदळा'त 'घोड' होतो, 'फूल' 'फुलपाखरा'त ऱ्हस्व होतं. दुसरा शब्द मात्र ऐसपैस बसतो. इंग्रजीत नेमकं उलटं आहे. तिथे पहिला शब्द ताठ उभा राहतो आणि अंग चोरतो दुसरा. आपली जीभ लहानपणापासून मराठी समासांवर पोसलेली, त्यामुळे ती सवयीनं इंग्रजीतही दुसऱ्या शब्दाला मान देते.

काय जवळ ठेवाल

आवाज रेकॉर्ड करता येईल असा फोन, शब्द ऐकवणारा एखादा इंग्रजी कोश, वही, पेन्सिल आणि एक रबरबँड. रबरबँडचं काम चौथ्या पायरीवर आहे.

या लेखात सिलेबल, म्हणजे बोलण्यातले ठोके, वेगळे दाखवायला मी आडवी रेघ वापरली आहे. ज्या सिलेबलवर मुख्य जोर, त्याच्या आधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ आहे: ˈकी-बोर्ड. बहुतेक कोशांत हीच खूण असते.

१. देवनागरी बाजूला ठेवा, स्वर मोजा

इंग्रजी शब्द आपण मनातल्या मनात देवनागरीत लिहून वाचतो आणि पहिली फसगत तिथेच होते. 'करवत' लिहिताना चार अक्षरं, पण बोलताना 'कर-वत' असे दोनच ठोके पडतात. मराठीत हे आपोआप जमतं, म्हणून कधी लक्षात येत नाही. सिलेबल म्हणजे हा बोलण्यातला ठोका. एक स्वर ऐकू आला की एक सिलेबल, मग भोवती कितीही व्यंजनं असोत. 'स्ट्रेंग्थ' कागदावर केवढा दिसतो, पण त्यात स्वर एकच, म्हणून सिलेबलही एकच.

उलटी फसगत जोडस्वरांत होते. 'एअर', 'वेअर', 'टाइम', 'हाउस' हे प्रत्येकी एकच सिलेबल आहेत. त्यांतला घसरता स्वर दाखवायला देवनागरीला दोन अक्षरं लागतात, ही लिपीची अडचण. म्हणून 'एअरपोर्ट' दोन सिलेबलचा, 'सॉफ्टवेअर' दोन, 'डाउनलोड' दोन. 'ए-अर-पोर्ट' असे तीन ठोके दिले की ऐकणारा क्षणभर अडखळतो.

मोजायची सोपी रीत अशी: हनुवटीखाली हात आडवा धरा आणि शब्द म्हणा. जितक्या वेळा हनुवटी हाताला टेकेल तितके सिलेबल. 'टेबल', 'बटन' अशा शब्दांत मात्र ही रीत दगा देते, कारण शेवटचा ल किंवा न स्वराशिवायच सिलेबल पेलतो आणि जबडा जवळजवळ हलत नाही. 'टेबलस्पून' तीन सिलेबलचा आहे, हनुवटी दोनच सांगेल. 'फायर' एक की दोन यावर कोशांचंच एकमत नाही, तेव्हा 'फायरवॉल'पाशी वेळ घालवू नका.

स्पेलिंग वाचून शिकणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा. पहिल्या शब्दाच्या शेवटी न उच्चारला जाणारा ई असेल तर तो समासाच्या पोटात गेल्यावरही गप्पच राहतो. 'सेफगार्ड', 'लाइफबोट', 'समथिंग' या तिघांत तो आहे आणि तिघेही दोनच सिलेबलचे.

२. सांधा शोधा

साध्या इंग्रजी शब्दात दोन स्वरांमधली व्यंजनं शक्यतो पुढच्या सिलेबलकडे जातात. समासात मात्र आधी सांधा पाहायचा. शब्द जिथे जोडले गेले, तिथेच सिलेबल तुटतो.

सांधा न दिसल्यामुळे होणाऱ्या चुका गमतीच्या असतात. 'शेफर्ड' हे आडनाव आपण सगळेच असं म्हणतो. स्पेलिंगमध्ये पी आणि एच शेजारी दिसले की आपण फ वाचतो. पण तो शब्द 'शीप' आणि 'हर्ड' यांचा समास आहे. पी पहिल्याचा, एच दुसऱ्याचा. काळाच्या ओघात ह झिजून गेला आणि उच्चार ˈशे-पर्ड झाला. फ त्यात कधी नव्हताच. 'लूपहोल'मध्येही तेच, ˈलूप-होल. 'पॉटहोल'मध्ये टी आणि एच शेजारी आहेत, पण तिथे थ नाही. 'ग्रासहॉपर'मध्ये एस आणि एच आहेत, पण श नाही. 'नोव्हेअर' भलत्या ठिकाणी तोडलात तर तीच अक्षरं 'नाउ हिअर' होतात, म्हणजे 'कुठेच नाही'चं 'आत्ता इथे'.

याच्या उलट काही शब्द समासाचं सोंग घेतात. 'मशरूम'चा रूमशी, म्हणजे खोलीशी, काही संबंध नाही. तो फ्रेंचमधून आला आणि इंग्रजी कानांनी त्याला ओळखीचा आकार दिला. 'कॉकरोच' तसाच स्पॅनिशमधून. असे शब्द तोडून अर्थ काढत बसू नका. जोर मात्र दोन्हींत पहिल्याच सिलेबलवर आहे.

३. सांध्यावर काय होतं ते ऐका

माझ्या मते या सगळ्यातला हा सर्वांत मजेचा भाग आहे, कारण इथे मराठी कान इंग्रजांच्याही पुढे आहे.

'ग्रेट एप' आणि 'ग्रे टेप' हे दोन शब्दसमूह भरभर म्हटले तर ध्वनी तेच: ग्रे, ट, एप. तरी ऐकणाऱ्याला फरक कळतो, कारण जोराच्या सिलेबलच्या सुरुवातीला आलेल्या ट, प, क यांच्यामागून इंग्रजीत हवेचा झोत निघतो. 'टेप' जवळजवळ 'ठेप' ऐकू येतो. 'ग्रेट'च्या शेवटच्या ट मागे असा झोत नसतो. इंग्रजी बोलणाऱ्याला आपण हे करतो याचा पत्ता नसतो, कारण त्याच्या भाषेत ट आणि ठ हे दोन वेगळे वर्ण नाहीत. आपल्याकडे आहेत, म्हणून थोडं लक्ष दिलं की आपल्याला ते लख्ख ऐकू येतं. इंग्रजी माणूस 'मिस्टेक' म्हणतो तेव्हा ट साधा असतो आणि 'मिसटाइम' म्हणतो तेव्हा ठ ऐकू येतो. दोन्हींत 'मिस' हा उपसर्गच आहे. पण 'मिस्टेक'मधला सांधा लोक विसरून गेलेत, 'मिसटाइम'मधला अजून जिवंत आहे.

तसंच 'नाइट रेट' आणि 'नायट्रेट'. पहिल्यात ट जिभेवर अडकून राहतो आणि मग र सुरू होतो. दुसऱ्यात ट आणि र एकमेकांत इतके मिसळतात की 'च्र'सारखं काहीतरी ऐकू येतं. 'बेडरूम'मध्ये मात्र सांधा असूनही बरेच जण ड आणि र मिसळतात, तेव्हा कुणी 'बेज्रूम'सारखं म्हणालं तर चूक काढायला जाऊ नका.

सांध्यावर तेच व्यंजन दोनदा आलं तर मध्ये थांबू नका आणि एक गिळूही नका. 'बुककेस'मधला क्क म्हणजे आपल्या 'पक्का'तला क्क. 'पेननाइफ'मधला न्न म्हणजे 'अन्न'मधला न्न. हे आपल्याला जन्मतः येतं, पण इंग्रजी बोलताना बिचकून आपण 'बुक, केस' असा श्वास घेतो.

तीन व्यंजनं एकत्र आली की मधलं बहुधा गळतं. 'पोस्टमन'मधला ट सहज बोलताना नाहीसा होतो. 'हँडबॅग'मधला ड जातो आणि पुढच्या ब मुळे न चा म होतो, म्हणून 'हॅम्बॅग' ऐकू येतं. हे तुम्ही मुद्दाम करायची गरज नाही, ऐकल्यावर ओळखता आलं तरी पुरे.

४. मूळ नियम: नाम असेल तर जोर पहिल्या शब्दावर

दोन शब्द मिळून एका वस्तूचं नाव झालं की जोर पहिल्यावर. विशेषण आपल्या जागी आणि नाम आपल्या जागी असेल, म्हणजे समास झालेलाच नसेल, तर जोर दुसऱ्यावर.

ˈब्लॅकबर्ड म्हणजे एक विशिष्ट जातीचा पक्षी. ब्लॅक ˈबर्ड म्हणजे कुठलाही काळा पक्षी, कावळासुद्धा. गंमत म्हणजे ब्लॅकबर्डची मादी तपकिरी असते, तरी ती ˈब्लॅकबर्डच. ˈग्रीनहाउस म्हणजे रोपं वाढवायचं काचघर, ग्रीन ˈहाउस म्हणजे हिरवा रंग दिलेलं घर. अमेरिकेच्या अध्यक्षांचं निवासस्थान ˈव्हाइट हाउस, तर शेजाऱ्याचं पांढरं घर व्हाइट ˈहाउस.

'इंग'नं संपणाऱ्या शब्दांत तर जोरावर सगळा अर्थच फिरतो. ˈडान्सिंग टीचर नृत्य शिकवतात, डान्सिंग ˈटीचर या क्षणी नाचत असतात. ˈस्लीपिंग बॅग झोपण्यासाठी असते, ती स्वतः झोपत नाही. स्लीपिंग ˈचाइल्ड मात्र झोपलेलं असतं. 'कशासाठी' असा अर्थ निघाला तर जोर पुढे, म्हणजे पहिल्या शब्दावर, 'काय करणारा' असा निघाला तर मागे, म्हणजे दुसऱ्यावर. ˈटॉय फॅक्टरीत खेळणी बनतात, टॉय ˈफॅक्टरी हे स्वतःच एक खेळणं.

सर्वांत जास्त माणसं अडकतात ती इथे: शब्द जोडून लिहिलाय, मध्ये छोटी रेघ आहे की जागा सोडलीय, याचा जोराशी भरवशाचा संबंध नाही. 'बुकशॉप' जोडून लिहितात, 'बस स्टॉप' तोडून. दोन्हींत जोर पहिल्यावरच. रोजच्या बोलण्यात आपण हमखास चुकतो ते शब्द असे: ˈएअरपोर्ट, ˈपासवर्ड, ˈलॅपटॉप, ˈहोमवर्क, ˈक्रेडिट कार्ड, ˈपोस्ट ऑफिस, ˈफोन नंबर, ˈबँक अकाउंट, ˈवेटिंग रूम. हे एकदा मोठ्यानं वाचा आणि दुसऱ्या शब्दाशी आवाज वर चढतोय का ते पाहा.

आता रबरबँड. जोर म्हणजे ओरडणं नव्हे, आणि ही समजूत मी फार उशिरा सोडली. जोराच्या सिलेबलमध्ये आवाजाची पट्टी बदलते, बहुतेक वेळा वर जाते, स्वर लांबतो, आणि मोठेपणा थोडासा वाढतो. आपण फक्त मोठेपणा वाढवतो, म्हणून रागावल्यासारखे वाटतो. रबरबँड दोन अंगठ्यांत धरा. 'पास' म्हणताना ताणा, 'वर्ड' म्हणताना सोडा. ताणायला वेळ लागतो तितका वेळ आपोआप स्वराला मिळतो. मी पहिल्यांदा स्वतःचं 'ब्लॅकबोर्ड' रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा दोन सारख्या विटा शेजारी ठेवल्यासारखं वाटलं. दोन्ही सिलेबल एकाच उंचीचे, एकाच लांबीचे. आठवडाभर रबरबँड ताणल्यावर दुसरी वीट जरा खाली बसली.

संस्कृत व्याकरणाशी ओळख असलेल्यांसाठी एक खाऊ: इंग्रजीचे भाषाशास्त्रज्ञ बहुव्रीही, द्वंद्व, तत्पुरुष हेच शब्द जसेच्या तसे वापरतात. 'रेडहेड' म्हणजे लाल डोकं नव्हे, लाल केस असलेली व्यक्ती, तेव्हा तो बहुव्रीही, जोर पहिल्यावर. 'पेपरबॅक'ही तसाच. 'बिटर-स्वीट'सारखा द्वंद्व मात्र दोन्ही पदांना मान देतो आणि मुख्य जोर शेवटी जातो.

५. नाम असूनही जोर मागे कधी जातो

इथे नियम कमी आणि सवय जास्त. तरी काही गट ओळखता येतात.

पहिला शब्द दुसऱ्या वस्तूचं साहित्य सांगत असेल तर जोर मागे: पेपर ˈबॅग, कॉटन ˈशर्ट. पहिला शब्द जागा किंवा वेळ सांगत असेल तरी मागे: किचन ˈविंडो, सिटी ˈसेंटर, समर ˈहॉलिडे. दारांचंही तसंच, फ्रंट ˈडोर, बॅक ˈडोर. व्यक्तीचं पूर्ण नाव घेताना जोर आडनावावर.

या नियमांना काही शब्द सरळ धुडकावतात. ॲपल ˈपाय, पण ˈॲपल केक. रस्त्यांच्या नावांत हा लहरीपणा फार नीट दिसतो. नावाच्या शेवटी 'स्ट्रीट' आला की जोर आधीच्या शब्दावर: ˈवॉल स्ट्रीट, ˈऑक्सफर्ड स्ट्रीट. 'रोड' किंवा 'ॲव्हेन्यू' आला की जोर त्यांच्यावर: ऑक्सफर्ड ˈरोड, फिफ्थ ˈॲव्हेन्यू. याचं कारण शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. पाठ करा आणि पुढे चला.

काही शब्दांत देशाप्रमाणे फरक पडतो. ब्रिटिश माणूस बहुधा वीक-ˈएंड म्हणेल, अमेरिकी माणूस ˈवीक-एंड. दोन्ही बरोबर. एकाच वाक्यात दोन्ही मात्र नकोत.

आणि तुलना आली की सगळे नियम बाजूला. मागचं दार नव्हे, पुढचं, असं सांगायचं असेल तर इंग्रजीतही ˈबॅक आणि ˈफ्रंट यांच्यावरच जोर येणार.

६. क्रियापद की नाम ते आधी ठरवा

संगणकावर काम करणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये. 'सेटअप', 'लॉगइन', 'बॅकअप', 'टेकऑफ', 'ब्रेकडाउन' ही नामं असतील तर जोर पहिल्यावर: ˈसेटअप, ˈलॉगइन. क्रियापद असेल तर ते दोन शब्द आहेत आणि मुख्य जोर शेवटच्या छोट्या शब्दाकडे झुकतो: सेट ˈअप, लॉग ˈइन. लिहितानाही हाच फरक पाळतात, नाम जोडून आणि क्रियापद तोडून. त्यामुळे उच्चार पक्का झाला की स्पेलिंगच्या चुकाही कमी होतात.

'ओव्हर', 'अंडर', 'आउट' यांनी सुरू होणारी क्रियापदं जोर मागे ढकलतात: ओव्हर-ˈटेक, अंडर-ˈस्टँड, आउट-ˈडू. आपण 'ओव्हरटेक' म्हणताना 'ओव्हर'वर जोर देतो, कारण मराठीत आपण ते 'ओव्हरटेक केलं' असं नामासारखं वापरतो.

'पासर-बाय' आणि 'रनर-अप' ही नामं असूनही जोर मागे ठेवतात: पासर-ˈबाय, रनर-ˈअप. अनेकवचन करताना एस मात्र पहिल्या शब्दाला लागतो, 'पासर्स-बाय'.

७. विशेषणांतला सरकणारा जोर

'ओल्ड-फॅशन्ड', 'सेकंड-हँड', 'बॅड-टेम्पर्ड', 'ड्यूटी-फ्री' या विशेषणांत मुख्य जोर दुसऱ्या भागावर असतो. पण पुढे लगेच जोराचं नाम आलं की तो मागून पुढे सरकतो. द कार इज सेकंड-ˈहँड, पण अ ˈसेकंड-हँड ˈकार. कारण दोन जोरकस सिलेबल एकमेकांना खेटून उभे राहिलेले इंग्रजीला आवडत नाहीत. ध्वनिशास्त्रात या नियमाला 'थर्टीन मेन'चा नियम असं मजेशीर नाव आहे: एकटा म्हटला तर थर्-ˈटीन, पण ˈथर्टीन ˈमेन. 'ट्वेंटी-वन'सारखे आकडेही असेच सरकतात.

नामापासून बनलेली काही विशेषणं मात्र पहिल्यावर ठाम राहतात: ˈहोमसिक, ˈसीसिक, ˈवॉटरप्रूफ, ˈकेअरफ्री. मग 'ड्यूटी-फ्री' वेगळं का? 'केअरफ्री' जुना होऊन एकजीव झाला, 'ड्यूटी-फ्री'त दोन शब्द अजून वेगळे जाणवतात, असं मी स्वतःला समजावते. नियम म्हणून हे कुणाला सांगू नका.

८. दुसरा शब्द किती झिजलाय ते पाहा

जोर गेला की स्वरही विरघळतो. समास जितका जुना आणि वापरातला, तितका दुसऱ्या शब्दाचा स्वर पुसट होत आपल्या साध्या 'अ'जवळ येतो.

'मॅन'चं पाहा. 'पोस्टमन'मध्ये तो 'मन' होतो, आणि मराठीत आपण हा शब्द लिहितोही तसाच, ही आपल्या आधीच्या पिढ्यांच्या कानांची कमाल. 'पोलिसमन'मध्येही 'मन'च, फक्त जोर दुसऱ्या सिलेबलवर: प-ˈलीस-मन. पण 'स्नोमॅन' आणि 'सुपरमॅन' यांत 'मॅन' शाबूत आहे. 'लँड' 'इंग्लंड', 'स्कॉटलंड'मध्ये झिजला, 'फार्मलँड'मध्ये टिकला. 'फोर्ड' 'ऑक्सफर्ड'मध्ये झिजला. 'माउथ' 'पोर्ट्समथ' आणि 'प्लिमथ'मध्ये ओळखूही येत नाही.

काहींची तर पार राख झाली आहे. 'कप' आणि 'बोर्ड' मिळून ˈकबर्ड, प गायब. 'ब्रेक' आणि 'फास्ट' मिळून ˈब्रेक-फस्ट, आणि तो 'ब्रेक'ही आखूड, जवळजवळ 'ब्रेक्'. 'क्रिसमस'मध्ये ट नाही. 'हँडकरचिफ'मध्ये ड नाही. 'रास्पबेरी'मध्ये प नाही. गावांच्या नावांत तर स्पेलिंगवर विश्वासच ठेवू नये: 'ग्रेनिच', 'लेस्टर', 'वुस्टर' यांची स्पेलिंग्ज पाहून हे उच्चार कुणालाही सुचणार नाहीत.

नव्यानं शिकणाऱ्यांनी इथे अति उत्साह दाखवू नये. 'ब्लॅकबोर्ड', 'लॅपटॉप', 'कीबोर्ड' यांतला दुसरा स्वर पूर्ण उच्चारायचा. जोर कमी, पण स्वर शाबूत. 'कीबर्ड' म्हणालात तर कुणाला कळणार नाही.

९. तीन शब्दांची माळ

'लाइटहाउस कीपर' म्हणजे दीपगृहाचा राखणदार, जोर 'लाइट'वर. तेच शब्द लाइट ˈहाउसकीपर असे म्हटले तर अर्थ होतो अंगानं हलकी अशी घर सांभाळणारी बाई. म्हणून तीन शब्द दिसले की आधी कुठले दोन एकमेकांना जास्त चिकटलेत ते पाहा.

पहिले दोन चिकटलेले असतील तर जोर अगदी पहिल्यावर: ˈकिचन टॉवेल रॅक म्हणजे किचन टॉवेल ठेवायचा रॅक. शेवटचे दोन चिकटलेले असतील तर जोर त्या जोडीच्या पहिल्यावर: किचन ˈटॉवेल रॅक म्हणजे स्वयंपाकघरातला टॉवेल रॅक. विग्रह करायची आपली शाळेतली सवय इथे फार कामाला येते. कागदावर विग्रह लिहा, जोर आपोआप सापडतो.

१०. कोश बघताना

तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, काही अमेरिकी कोशांत मूळ शब्दातच ठिपके असतात. ते सिलेबल दाखवत नाहीत, ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा ते दाखवतात. 'अगेन' दोन सिलेबलचा असूनही तिथे ठिपका नसतो, कारण ओळीच्या शेवटी एकटं अक्षर सोडायचं नसतं. सिलेबल हवे असतील तर उच्चाराच्या कंसात पाहा.

दुसरी, जोराची खूण बहुतेक ठिकाणी सिलेबलच्या आधी असते, पण काही अमेरिकी कोश ती सिलेबलच्या नंतर देतात. प्रस्तावनेतलं पान एकदा वाचलंत तर महिनाभर उलटं पाठ करणं टळेल. माझं टळलं नाही. वरची रेघ मुख्य जोराची आणि खालची दुय्यम जोराची.

तिसरी, तोडून लिहिलेले समास साध्या कोशात अनेकदा स्वतंत्र सापडत नाहीत, किंवा सापडले तर त्यांचा उच्चार दिलेला नसतो. त्यासाठी खास उच्चारकोश आहेत. डॅनियल जोन्स यांचा असा कोश १९१७ साली निघाला आणि नंतर त्याच्या सुधारित आवृत्त्या येत राहिल्या. ग्रंथालयात मिळाला तर 'बस', 'हाउस', 'पेपर' असा एकेक शब्द काढून त्याखालचे समास वाचा.

११. स्वतःची परीक्षा

खालचे आठ वहीत उतरवा, जोराची रेघ मारा, रेकॉर्ड करा आणि मगच उत्तरं पाहा: ड्रायव्हिंग लायसन्स, किचन टेबल, सनलाइट, ॲबसेंट-माइंडेड, बॅकअप (नाम), आउटलिव्ह (क्रियापद), मॅडिसन ॲव्हेन्यू, टाइमटेबल.

उत्तरं: ˈड्रायव्हिंग लायसन्स. किचन ˈटेबल, कारण जागा. ˈसनलाइट. ॲबसेंट-ˈमाइंडेड, पण पुढे 'प्रोफेसर' आला तर जोर 'ॲबसेंट'कडे सरकू शकतो. ˈबॅकअप. आउट-ˈलिव्ह. मॅडिसन ˈॲव्हेन्यू. ˈटाइम-टे-बल, तीन सिलेबल. चार मोजले असतील तर पहिल्या पायरीवर परत जा.